चवदार तळ्याचे पाणी उपनगरांत केव्हा पोचणार?

२० मार्च २०२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे पूर्ण होत आहेत. तो दिवस महाराष्ट्र सरकार थाटाने साजरा करील याविषयी आम्हांस शंका नाही. तळ्याच्या काठी मांडव पडतील, मंत्र्यांच्या मोटारींची रांग लागेल, पुष्पहार वाहिले जातील आणि समतेचे माहात्म्य सांगणारी भाषणे ध्वनिक्षेपकांवरून दुमदुमतील. समारंभाला आमचा विरोध नाही. ज्या दिवसाने या देशातील माणसाला माणूस म्हणून ताठ उभे राहण्यास शिकविले, त्याचे स्मरण करावे तितके थोडेच. मात्र मंत्रिमहोदयांना आमची एक विनंती आहे. महाडचा रस्ता धरण्यापूर्वी त्यांनी मुंबईच्या उपनगरांतील एक पहाट पाहावी. घाटकोपरला असल्फ्याच्या टेकडीवर जावे, मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी जावे, बोरिवलीला जंगलाच्या कडेला किंवा मालाडला मालवणीतील अंबोजवाडीत जावे. हंडे, कळशा आणि प्लॅस्टिकचे निळे पिंप घेऊन अंधारात बसलेल्या बायका त्यांना भेटतील. त्यांतील काहींच्या दारी नळ आहे, पण पाणी केव्हा येईल याचा नेम नाही. काहींच्या दारी नळच नाही. त्या दुसऱ्याच्या नळावरून विकत पाणी नेतात. महानगरपालिकेच्या दप्तरी या दुसऱ्या बायका पाण्याला 'अपात्र' असत. हातात पात्र आहे, पण बाई पात्र नाही, असा हा मराठी भाषेचा आणि मुंबईच्या कारभाराचा चमत्कार आहे.

कोणी म्हणेल, चवदार तळ्याचा आणि उपनगरांतील नळाचा संबंध काय? तेथे अस्पृश्यतेचा प्रश्न होता. येथे अनधिकृत झोपडीचा आहे. संबंध आहे, आणि तो ध्यानात येण्यासाठी महाडच्याही चार वर्षे मागे जावे लागते.

ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या किंवा चालविलेल्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गास खुले असावेत, असा त्याचा आशय होता. ठराव संमत झाला आणि सरकारने आपल्या खात्यांना तसे कळविलेही. पुढे १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर काम पुरे झाले होते. प्रत्यक्षात तीन वर्षे लोटली तरी त्या पाण्याला हात लावण्याची अस्पृश्यांची प्राज्ञा नव्हती.

बोले अनुभवी गृहस्थ होते. सरकारी ठरावाची गती काय असते हे त्यांना चांगले ठाऊक असावे. ऑगस्ट १९२६ मध्ये त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील, त्यांना सरकारी अनुदान देऊ नये, असे त्यात म्हटले होते. पहिल्या ठरावाने तत्त्व सांगितले आणि दुसऱ्याने तिजोरीच्या किल्लीला हात घातला. पहिल्याची आठवण महाराष्ट्र अधूनमधून काढतो. दुसरा जवळजवळ विस्मृतीत गेला आहे. आमच्या मते आज उपयोगी पडणारा ठराव तो दुसराच आहे, आणि त्याकडे आम्ही पुन्हा येऊ.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर लोकांवर लाठ्या पडल्या. तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि हायकोर्टाचा अंतिम निर्णय लागण्यास १७ मार्च १९३७ उजाडले. बोल्यांच्या पहिल्या ठरावापासून मोजले तर सुमारे चौदा वर्षे. एका सार्वजनिक तळ्याचे पाणी सार्वजनिक आहे, एवढे सिद्ध होण्यास चौदा वर्षे!

आमच्या घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. आम्ही शाळेत शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने विचारले होते, 'घटनेसारख्या भारदस्त ग्रंथात विहीर कशाला आली?' मुलगा चौकस होता. त्याला आम्ही महाडची गोष्ट सांगितली. मात्र त्या वेळी एक गोष्ट सांगावयाची राहून गेली. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सादर करताना बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, घटनेच्या रूपाला हात न लावता केवळ कारभाराचे रूप बदलूनही घटना विकृत करता येते. कारभाराचे बारीकसारीक तपशील घटनेत कशाला, असे विचारणाऱ्यांना हे त्यांचे उत्तर होते. घटनेतील समता मोडण्यासाठी संसदेत जाण्याची गरज नसते. ते काम विभाग कार्यालयातील अर्जाच्या नमुन्यावरही होऊ शकते.

आता उपनगरांकडे येऊ. अंधेरी १९५० साली आणि बोरिवली व मुलुंड १९५७ साली मुंबईच्या महापालिकेच्या हद्दीत आली. कारखाने आले, त्यांच्यामागून कामगार आले, आणि कामगारांसाठी घरे मात्र आली नाहीत. टेकड्यांवर, खाडीच्या काठाने, रेल्वेच्या रुळांलगत माणसांनी आपली आपण वस्ती केली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील शेकडा चाळीसहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहत होती. चाळीस टक्के लोक जेव्हा एका प्रकारे राहतात, तेव्हा त्यांना अपवाद म्हणता येत नाही. त्यांना शहर म्हणावे लागते.

या शहराला आमच्या कारभाराने तारखांनी कापले. १९७६ साली झोपड्यांची गणना झाली आणि फोटोपास आले. नंतर १ जानेवारी १९९५ ही रेषा आली. ती सरकून १ जानेवारी २००० झाली. पुढे घरांच्या बाबतीत २०११ झाली. रेषेच्या अलीकडचा संरक्षित आणि पलीकडचा अपात्र. घर द्यावयाचे, जमीन द्यावयाची, तर काही मर्यादा लागते हे आम्हांस मान्य आहे. पण हीच तारीख नळालाही लावण्यात आली! अमुक दिवसानंतर उभ्या राहिलेल्या झोपडीत राहणाऱ्यास पालिकेचे पाणी मिळणार नाही. १९२७ साली महाडला माणसाचा जन्म कोणत्या घरी झाला हे विचारीत. आता माणूस कोणत्या साली आला आणि त्याच्यापाशी त्या सालचा कागद आहे काय, हे विचारू लागले. दोन्ही प्रश्नांचा पाण्याशी संबंध नाही.

याविरुद्ध 'पाणी हक्क समिती' मुंबई हायकोर्टात गेली. डिसेंबर २०१४ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती गडकरी यांच्या खंडपीठाने निर्णय दिला. पिण्याच्या पाण्याचा हक्क हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. झोपडी बेकायदा आहे एवढ्याच कारणाने तीत राहणाऱ्यास पाणी अजिबात नाकारता येणार नाही. सबब महापालिकेने अशा लोकांसाठी धोरण आखावे, असा हा निर्णय. न्यायालयाने तोल सोडला नाही हेही नमूद केले पाहिजे. कायदेशीर घरात राहणाऱ्याइतकाच पाणीपुरवठा मागण्याचा हक्क या लोकांना आहे असे ते म्हणाले नाही. दर अधिक लावण्याची मोकळीक त्याने पालिकेला ठेवली. नळ मिळाला म्हणून झोपडी कायदेशीर ठरत नाही, हेही स्पष्ट होते. न्यायालयाने मागितले ते इतकेच की, माणसाला तहानलेला ठेवू नका.

या इतक्याशा मागणीचे पुढे काय झाले? पालिकेला धोरण आखण्यास दोन वर्षे लागली. २०१७ च्या जानेवारीत जे धोरण आले, त्यात अपवाद इतके की मूळ नियम शोधावा लागावा. केंद्र सरकारच्या जमिनीवरील वस्ती वेगळी, रस्त्यावरील आणि पदपथावरील वेगळी, खासगी जमिनीवरील वेगळी. मग मे २०२२ मध्ये 'सर्वांसाठी पाणी' हे नवे धोरण जाहीर झाले. त्याचे आम्ही स्वागत करतो, कारण तारखेची भिंत प्रथम त्याने खाली आणली. पण त्याचीही भाषा मानवतेच्या दृष्टीने पाणी देण्याची होती. न्यायालयाने 'हक्क' हा शब्द वापरला होता. महापालिकेने त्याचे 'मानवता' असे भाषांतर केले. या भाषांतरात बरेच काही सांडले. हक्क असला म्हणजे नाकारणाऱ्यास कारण द्यावे लागते. दया असली म्हणजे मागणाऱ्यास रांगेत उभे राहावे लागते. आणि उपनगरांतील माणूस अजून रांगेतच आहे.

या रांगेच्या तोंडाशी जो कागद मागितला जातो त्याचे नाव 'ना-हरकत दाखला'. जमीन रेल्वेची असेल तर रेल्वेचा, वनखात्याची असेल तर वनखात्याचा, जिल्हाधिकाऱ्यांची असेल तर त्यांचा. हे खाते त्या खात्यास लिहिते, ते उत्तर देत नाही, आणि उत्तर न आल्याचा अर्थ नकार असा घेतला जातो. उपनगरांतील एका विभाग कार्यालयात आम्ही स्वतः एका सकाळी दोन तास बसलो होतो. साठीच्या एका बाईंना खिडकीवरील कारकून सांगत होता, 'आजी, आमची हरकत नाही, पण त्यांचं पत्र आणा.' आजींनी विचारले, 'ते तरी कुठं हरकत घेतायत? ते बोलतच नाहीत!' कारकून हसला. तो माणूस वाईट नव्हता. त्याने आजींना बसण्यास खुर्चीही दिली. त्याच्या समोरच्या नमुन्यात 'ते बोलत नाहीत' यासाठी रकाना नव्हता, एवढेच.

सर्वांत विचित्र दशा आहे ती आरे आणि बोरिवलीच्या जंगलातील आदिवासी पाड्यांची. मुंबईचे पहिले नळाचे पाणी १८६० साली विहार तलावातून आले, आणि त्यामागून १८७९ साली तुळशीचे. हे दोन्ही तलाव त्याच जंगलात आहेत. शहर वसण्यापूर्वीपासून जे तेथे राहत आले, त्यांच्या काही पाड्यांना पाण्यासाठी जमिनीच्या मालकाच्या पत्राची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. तलाव डोळ्यांसमोर, आणि नळ खात्याच्या मर्जीवर!

येथे आम्हांस स्वतःविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. वर्तमानपत्रात येण्यापूर्वी आम्ही उपनगरांतील एका शाळेत मराठी शिकवीत होतो. आठवीच्या वर्गातील एक मुलगी रोज उशिरा येई. प्रार्थना संपून हजेरी चालू असताना ती दारात दिसे, केस ओले, दप्तर छातीशी धरलेले. आम्ही शिस्तीचे भोक्ते. तिला वर्गाबाहेर उभी करीत असू. हे कित्येक आठवडे चालले. तिने एकदाही कारण सांगितले नाही आणि आम्हीही एकदाही विचारले नाही. पुढे सहामाही परीक्षेच्या सुमारास तिच्या शेजारच्या मुलीकडून कळले की, त्यांच्या वस्तीत नळ नाही; टेकडीखालच्या चाळीत पाणी सकाळी येते, चाळकऱ्यांचे भरून झाल्यावर उरलेल्या वेळात हिला दोन हंडे मिळतात, आणि ते वर नेऊन ठेवल्याशिवाय आई तिला सोडीत नाही. आम्ही तिला त्या दिवसापासून वर्गात घेऊ लागलो. पण पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आली नाही. तिचे पुढे काय झाले हे आम्हांस ठाऊक नाही. शाळा सर्वांना सारखी खुली होती, नियम सर्वांना सारखा होता आणि आम्ही तो सर्वांना सारखाच लावीत होतो. विषमता आमच्या हातून घडली ती या सारखेपणातून.

म्हणून समतेच्या प्रश्नात पाण्याचा प्रश्न बायकांचा आणि मुलींचा प्रश्न आहे हे आम्ही आग्रहाने सांगतो. १० डिसेंबर १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात पहिल्याच कलमात 'पुरुष' या अर्थाचा शब्द जाऊन 'मानव' हा शब्द आला, तो हंसाबेन मेहता यांच्या आग्रहामुळे. हंसाबेन आमच्या मुंबईच्या विधिमंडळात बसलेल्या होत्या. जगाच्या जाहीरनाम्यात बाईला जागा मिळवून देणाऱ्या या शहराने सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, हा भेद वर्षानुवर्षे चालविला. त्याविरुद्ध २०११ पासून बायकांनी चळवळ उभारली तेव्हा कोठे त्याची चर्चा तरी सुरू झाली. कोणी ठरवून हा भेद केला नव्हता. आराखडा काढणाऱ्यांच्या टेबलाभोवती बाई नव्हती.

आता आक्षेपाकडे वळू. मुलुंड-बोरिवलीचा करदाता वाचक आम्हांस विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे, की आम्ही कर्ज काढून घर घेतले, मालमत्ता कर भरतो, पाणीपट्टी भरतो, आणि उन्हाळ्यात आमच्याच सोसायटीत टँकर मागवावा लागतो. मग ज्याने जागा बळकावली त्याला पाणी का? अतिक्रमणाला हे उत्तेजन नव्हे काय?

या वाचकाला आम्ही तीन गोष्टी सांगू इच्छितो. पहिली ही की, पाणी बंद केल्याने मुंबईत एकही झोपडपट्टी नाहीशी झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. पाणी नाकारलेला माणूस पाण्यावाचून राहत नाही. तो चोराकडून घेतो. पाइप फोडला जातो, मधले दलाल गब्बर होतात, आणि त्या फुटक्या जोडातून गटाराचे पाणी शिरते ते आपल्याही इमारतीच्या टाकीत येऊ शकते. काविळीचा आणि गॅस्ट्रोचा जंतू तारीख विचारीत नाही. दुसरी गोष्ट, हे लोक फुकट पाणी मागत नाहीत. पालिकेच्या पाण्याचा घरगुती दर हजार लिटरला काही थोड्या रुपयांचा. नळ नसलेल्या वस्तीतील कुटुंब पिंपाच्या हिशेबाने त्याच्या कित्येक पट मोजते. गरीब माणूस मुंबईत सर्वांत महाग पाणी पितो. तिसरी गोष्ट अशी की, आपल्या घरची धुणीभांडी करणारी बाई, सोसायटीचा पहारेकरी, अंधेरी स्थानकाबाहेर उभा असलेला रिक्षावाला, हे सर्व सायंकाळी घरी जातात ते कोठे? सोसायटीला टँकर लागतो याची तक्रार खरी आहे, आणि ती आम्ही याच स्तंभातून केलीही आहे. पण त्या तक्रारीचे उत्तर टेकडीवरच्या बाईच्या हंड्यात नाही.

ते उत्तर हिशेबात आहे. मुंबईला सात तलावांतून रोज सुमारे चार हजार दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी मिळते. ते वाटण्याचे पालिकेचे जे परिमाण वर्षानुवर्षे चालत आले, त्यात इमारतीतील माणसाला दिवसाला १३५ लिटर आणि झोपडीतील माणसाला ४५ लिटर धरलेले असे. ज्यांची झोपडी रीतसर 'पात्र' आहे त्यांचाही वाटा हाच! एक माणूस म्हणजे एकतृतीयांश माणूस, असे हे गणित कोणी कायद्यात लिहिलेले नाही. ते अभियंत्याच्या वहीत होते, आणि म्हणूनच त्यावर सभागृहात फारसे वादळ झाले नाही. विषयांतर होत असले तरी येथेच सांगून टाकतो, की यांतील बहुतांश पाणी ज्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातून आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांतून येते, तेथील आदिवासी गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तानसाचे पाणी मुंबईला १८९२ पासून येत आहे. एका शहराने एका तालुक्याचे इतके दिवस ऋण घेऊन ते न फेडल्याचे दुसरे उदाहरण शोधावे लागेल.

समतेची कसोटी सेवा घेणाऱ्याच्या दारी लागते तशी ती देणाऱ्याच्याही दारी लागते. उपनगरांतील कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांची कथा या दृष्टीने पालिकेच्या प्रत्येक अधिकाऱ्याने वाचावी. वीस किंवा अधिक माणसे असली म्हणजे १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा लागू होत असे. म्हणून कंत्राटे वीसाहून कमी माणसांची काढली गेली. कामगारास कामगार म्हटले की हक्क येतात. म्हणून त्यास 'स्वयंसेवक' म्हटले गेले आणि त्याच्या मजुरीला 'मानधन'. शब्दकोशाचा असा उपयोग आम्ही भाषेचे शिक्षक असूनही कधी केला नव्हता! 'कचरा वाहतूक श्रमिक संघ' या युनियनने लढा दिला. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ साली सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला. महापालिका हायकोर्टात गेली आणि हरली. सुप्रीम कोर्टात गेली आणि ७ एप्रिल २०१७ रोजी तेथेही हरली. ज्या संस्थेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांच्या वर गेला, तिने आपल्या झाडूवाल्यांना कामगार न म्हणण्यासाठी किती वर्षे आणि किती वकील खर्ची घातले याचाही हिशेब कधी तरी प्रसिद्ध व्हावा.

या सर्वांवर उपाय काय? आमच्याकडे कायद्यांची वाण नाही. १९९३ च्या कायद्याखाली राज्याचा मानवी हक्क आयोग आहे. पण तो शिफारस करतो, आणि शिफारस फायलीत निजू शकते. २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्क अधिनियम केला. हा कायदा चांगला आहे. जन्माच्या दाखल्यापासून नळजोडणीपर्यंत कितीएक सेवा त्याखाली आल्या. मुदतीत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. बोल्यांना हा कायदा आवडला असता, कारण त्यात थोडे दात आहेत. पण त्याच कायद्यात सेवा मागणाराची व्याख्या काय? 'पात्र व्यक्ती'! पात्र माणसाला उशीर झाला तर अधिकाऱ्यास दंड. आणि माणूस पात्रच नाही असे लिहिले की घड्याळ चालू होत नाही. आमच्या आजी या घड्याळाच्या बाहेर उभ्या आहेत.

ब्रिटनने २०१० च्या समता कायद्यात एक वेगळी वाट धरली. तेथील सार्वजनिक संस्थांवर असे कर्तव्य घातले आहे की, निर्णय घेतानाच त्याचा परिणाम वंश, लिंग, अपंगत्व, वय आदी कारणांनी मागे पडलेल्यांवर काय होईल याचा विचार केला पाहिजे. तो केल्याचे दाखविता आले नाही तर न्यायालय निर्णय रद्द करू शकते. तेथेही सर्व आलबेल आहे असे नव्हे. पण प्रश्न विचारण्याची वेळ त्यांनी बदलली. आपल्याकडे धोरण आधी होते, मग माणसे तहानतात, मग एखादी समिती न्यायालयात जाते, मग दहा वर्षांनी धोरण दुरुस्त होते. महाडला चौदा वर्षे लागली. २०१४ च्या निर्णयालाही आता एक तप होत आले.

२०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे मुंबईत लोकनियुक्त सभागृह नव्हते. कारभार प्रशासकाच्या हाती होता, आणि ना-हरकतीच्या पत्रावर जाब विचारणारा नगरसेवकही नव्हता. २०२६ च्या जानेवारीत निवडणुका झाल्या आणि २२७ नगरसेवक निवडून आले. ही मागणी आम्ही त्यांच्यापुढेच ठेवतो. के, एन, आर, टी, पी, उपनगरांतील प्रत्येक विभागाने एक यादी दारावर लावावी: नळजोडणीचे किती अर्ज आले, किती नाकारले, कोणत्या कारणाने नाकारले, आणि कोणत्या खात्याचे पत्र किती दिवसांपासून यावयाचे आहे. ज्या खात्याने साठ दिवसांत हरकत घेतली नाही त्याची हरकत नाही असे धरावे, आणि तसा शब्द धोरणात घालावा. 'मानवतेच्या दृष्टीने' हे शब्द काढून तेथे 'हक्क' लिहावा. आणि बोल्यांचा दुसरा ठराव स्मरून, ज्या विभागात हे काम होणार नाही तेथील विभागप्रमुखाच्या गोपनीय अहवालात त्याची नोंद व्हावी आणि त्याच्या कार्यालयाच्या शोभेच्या कामांचा पैसा अडवावा. उद्यानातील कारंजी थोडा काळ बंद राहिली तरी कोणाचे काही बिघडणार नाही.

यादीचे काम अवघड नाही. अर्ज कार्यालयांतच आहेत. त्या आजींचा अर्जही तेथेच कोठेतरी आहे. आम्ही बसलो होतो त्या दिवशी कारकुनाने तो डाव्या बाजूच्या कपाटात, वरून दुसऱ्या खणात ठेवला होता.